डोंबिवलीचे शन्ना आणि घरोघरचे नाना

लेखक शंकर नारायण नवरे ऊर्फ शन्ना २५ सप्टेंबर २०१३ रोजी डोंबिवलीत गेले, तेव्हा पितृपक्ष चालू होता. वडील, आजोबा आणि पणजोबा अशा तीन पिढ्यांची नावं घेऊन तीळ-पाणी सोडण्याचे ते दिवस. नाव आणि गोत्र विधीत उच्चारलं जातं. तो माणूस हसायचा कसा, कशावर चिडायचा, पगार झाला की घरी काय घेऊन यायचा, याची नोंद कुठल्याच पोथीत नसते. शन्नांनी आयुष्यभर लेखणी चालवली ती नेमकी या नोंदीसाठी.

त्यांचं स्वतःचं जगणंही घरोघरच्या नानांसारखंच होतं. विज्ञानाची पदवी, मग अनेक वर्षं सरकारी नोकरी, आणि त्या नोकरीच्या जोडीने लेखन. ‘गुंतता हृदय हे’, ‘धुक्यात हरवली वाट’, ‘सुरुंग’, ‘मन पाखरू पाखरू’ ही त्यांची नाटकं मुंबई-पुण्याच्या रंगमंचावर गाजली, पण लेखकाचा पत्ता डोंबिवलीचाच राहिला. लेखकाचं नाव झालं की त्याने शिवाजी पार्क किंवा पार्ल्याला जावं, असा एक अलिखित रिवाज होता. शन्ना गेले नाहीत. ‘शन्ना’ ही दोन अक्षरं गावात कुणालाही पुरत. गाव म्हणायचं ते सवयीने. १ ऑक्टोबर १९८३ ला कल्याण-डोंबिवली महापालिका झाली, तरी जुन्या माणसांच्या तोंडी ते गावच राहिलं.

त्यांच्या लेखनाचं मोठेपण ‘कळत नकळत’ या १९८९ च्या चित्रपटात सहज दिसतं. स्मिता तळवलकरांची निर्मिती, कांचन नायक यांचं दिग्दर्शन आणि लेखन शन्नांचं. नवऱ्याच्या आयुष्यात दुसरी स्त्री येते, घर हेलकावे खाऊ लागतं आणि झळ मुलांना बसते. इतक्या ऐवजावर एखाद्याने रडारडीचा, खलनायकाचा सिनेमा केला असता. शन्नांनी त्या नवऱ्याला राक्षस केलं नाही आणि त्याची चूकही पोटात घातली नाही. चुकणारा माणूससुद्धा मुलांचा बाबाच असतो, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. त्या वर्षीचा सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार ‘कळत नकळत’ला मिळाला.

अशी दृष्टी या परिसरातच यावी, याला कारण आहे. १ मे १८५४ ला रेल्वे कल्याणला पोहोचली आणि पुढच्या शंभर-सव्वाशे वर्षांत कोकण, नाशिक, खानदेश, घाट इथून आलेली हजारो कुटुंबं रुळांच्या दोन्ही बाजूंना वसली. नोकरी मुंबईत, बिऱ्हाड इथे. फास्ट गाडीनेही फोर्टातलं ऑफिस तास-सव्वा तासावर. मुलं अंथरुणात असताना बाप डबा घेऊन बाहेर पडायचा आणि परतायचा तेव्हा पानं वाढलेली असायची. त्याच्या आयुष्यातले दोन-अडीच तास रोज गाडीत गेले. तिथल्या ग्रुपला त्याचे विनोद ठाऊक, भजनी मंडळाला त्याचा आवाज ठाऊक, चौथ्या सीटवर टेकणाऱ्या मित्राला त्याच्या कर्जाचा हप्ता ठाऊक. घरच्यांच्या वाट्याला मात्र रविवारचा, दमलेला, वर्तमानपत्राआडचा माणूस आला.

म्हणूनच तो गेला की घरचे अडखळतात. ‘निधन’च्या चौकटीत मनमिळाऊ, प्रेमळ, कुटुंबवत्सल ही ठरलेली विशेषणं येतात, मागे पत्नी, दोन मुलं, सुना, नातवंडं असा परिवार येतो, आणि चौकातला फलक आठवडाभराने उतरतो. यात कुणाचं प्रेम कमी नसतं. प्रेम भरपूर असतं, तपशील कमी असतो.

तपशील किती दूर जातो, हे लक्ष्मीबाई टिळकांनी दाखवून दिलं. त्यांचे पती नारायण वामन टिळक यांचं सुरुवातीचं शिक्षण कल्याणलाच झालं. ‘स्मृतिचित्रे’त लक्ष्मीबाईंनी कवी टिळकांची पूजा मांडली नाही. त्यांचा तापटपणा, विसरभोळेपणा, न सांगता घरातून निघून जाणं, हातातलं दुसऱ्याला देऊन टाकणं, सगळं लिहिलं. टिळक १९१९ साली गेले, पुस्तक १९३४ पासून भागाभागाने आलं, आणि आजही टिळक वाचकाशी भांडतात, लाड करतात. शाळेत फारसं न गेलेल्या एका बाईने हे केलं. मग पदवीधर मुलामुलींना आपल्या बापाबद्दल चार पानं लिहिता येऊ नयेत, हे पटत नाही.

फेब्रुवारी २०१७ मध्ये डोंबिवलीत नव्वदावं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झालं, तेव्हा सभामंडपाला शन्नांचं नाव दिलं होतं. योग्यच होतं. पण मंडप तीन दिवसांत उतरतो. घरसंसारातल्या माणसाला ज्याने मराठी साहित्यात सन्मानाची जागा दिली, त्याचं स्मरण घराघरांतूनच व्हायला हवं.

कल्याणचं सार्वजनिक वाचनालय १८६४ सालचं आहे. दीडशे वर्षांहून जुनी अशी संस्था ज्या शहरात आहे, तिथे साध्या माणसांच्या आठवणींसाठी एक कपाट राखणं कठीण नाही. तिथे आणि डोंबिवलीच्या वाचनालयांतही मुला-नातवंडांनी लिहिलेली हस्तलिखितं यावीत. सोबत जमाखर्चाच्या वह्या, जुने पास, गणपतीच्या वर्गणीच्या याद्या, गावाहून आलेली आंतर्देशीय पत्रं असावीत. पुढे या शहरांचा इतिहास लिहिणाऱ्याला आमदार-नगरसेवकांच्या यादीपेक्षा हा ऐवज जास्त उपयोगी पडेल.

लिहिताना देव्हारा करू नये. बाबांनी कुणाशी अबोला धरला, कुठली नोकरी सोडायची राहून गेली, आईच्या आजारपणात ते स्वयंपाकघरात कसे उभे राहिले, हे सगळं यावं. आई, आत्या, काका अजून आहेत तोवर त्यांना विचारून घ्यावं. गाडीतला एखादा जुना सोबती शोधून काढावा, कारण घरात कुणालाच माहीत नसलेला माणूस त्याच्यापाशी असतो.

शन्नांचा जन्म २१ नोव्हेंबर १९२७ चा. २१ नोव्हेंबर २०२७ ला त्याला शंभर वर्षं पूर्ण होतील. त्या दिवसापर्यंत कल्याण-डोंबिवलीतल्या प्रत्येक वाचनालयात निदान दहा घरांच्या वह्या जमा व्हाव्यात. पहिली वही हा लेख वाचणाऱ्याच्या घरून यावी.