कांद्याची पोस्ट चालते, पाचटाची का नाही?



८ डिसेंबर २०२३ ला कांद्याची निर्यातबंदी आली तेव्हा मी याच पानावर सरकारला झोडपलं होतं. तुम्ही म्हणालात, "भाऊ, आमच्या मनातलं बोललात." परवा लिहिलं, की ऊस तुटल्यावर पाचट पेटवू नका, एकरी तीन-चार टन खत आपण काडी लावून उडवतो, वर शेजाऱ्याचं ठिबक वितळतं ते वेगळंच. झालं! "कारखान्याकडून किती घेतले?" इथपासून सुरुवात. एकाने तर फोन करून सांगितलं, पोस्ट काढ नाहीतर बघून घेतो.

टीका करा ना. पाचटात उंदीर होतात, सरीला पाणी पुढं सरकत नाही, कुट्टीचं मशीन वेळेवर मिळत नाही, असं लिहा. मशीनचं तर मलाही मान्य आहे. तुमचा बोलायचा हक्क माझ्याइतकाच. पण "बघून घेतो" हे काय मत झालं का?

२०१२ च्या नोव्हेंबरात बाळासाहेब गेल्यावर मुंबई बंद होती. पालघरच्या एका मुलीनं फेसबुकवर बंदबद्दल दोन शब्द लिहिले, मैत्रिणीनं लाईक केलं, तर दोघींना अटक झाली. नातेवाईकाचा दवाखाना फोडला. ज्या ६६-अ कलमाचा त्यात वापर झाला, ते सुप्रीम कोर्टानं २४ मार्च २०१५ ला रद्द केलं. घटनेच्या कलम १९ मधलं बोलण्याचं स्वातंत्र्य कोर्टानं राखलं. दवाखाना फोडणाऱ्यांच्या डोक्यातलं कलम कोण रद्द करणार?

आता माझंच सांगतो. २०२० मध्ये तीन कृषी कायदे आले. मी विरोधात होतो, आजही आहे. आमच्या भागातल्या एका कृषी पदवीधर पोरानं लिहिलं, बाजार समितीबाहेर विकायची मोकळीक शेतकऱ्याला हवीच. मुद्देसूद लिहिलं होतं. मी उत्तर दिलं नाही. त्याच्या कंपनीच्या साहेबाला स्क्रीनशॉट पाठवला, "तुमचा माणूस शेतकरीविरोधी आहे" म्हणून. संध्याकाळपर्यंत पोस्ट गायब. मला तेव्हा लई भारी वाटलं होतं.

पाचटाची पोस्ट काही मी काढणार नाही. पण तो धमकीचा फोन आल्यावर पहिली आठवण त्या पोराची झाली. काल त्याला फोन लावला, उचलला नाही. त्याचं पान उघडून बघितलं. हल्ली तांबेरा आणि करप्याचे फोटो तेवढे टाकतो, खाली औषधाचं प्रमाण. मत एकही नाही.