इंदूर दीड तासावर, पण कोणापासून?



वर्गात भूगोल चालू होता. एका मुलाने विचारले, "मास्तर, इंदूर किती लांब?" मी त्याला नकाशावर दोरा ताणायला लावला. मोपापासून इंदूरच्या देवी अहिल्याबाई होळकर विमानतळापर्यंत सुमारे 800 किलोमीटर भरले. दुसरा लगेच म्हणाला, "जेट विमान तासाला 800 जाते, म्हणजे एकच तास!"

गणित बरोबर, व्यवहार चूक. विमानाला धावपट्टी गाठायची असते, चढायचे असते, उतरताना वेग कमी करायचा असतो. म्हणून थेट विमानालाही दीड तासाच्या आसपास लागतो. थेट विमान नसले तर मुंबईला उतरून दुसरे धरा. अर्धा दिवस तिथेच जातो.

पण हा हिशेब विमानाचा झाला. तुमचा हिशेब घरच्या उंबरठ्यापासून सुरू होतो. दाबोळी आणि मोपा यांच्यात सरळ रेषेत 40 किलोमीटर अंतर आहे. आकाशात ते तीन मिनिटांचे. काणकोणच्या रापणकाराला मात्र मोपा गाठायला शंभरेक किलोमीटर रस्ता तुडवावा लागतो. त्याला आकाशातल्या 800 किलोमीटरांपेक्षा जमिनीवरचे 100 जड! महाकाल आणि ओंकारेश्वराच्या दर्शनाला इंदूरमार्गे निघणाऱ्यांनी तिकिटावर नुसते 'गोवा' वाचून घर सोडू नये, विमानतळ कोणता ते आधी पाहावे.

रेल्वेचेही तसेच. इंदूर ते मुंबई आकाशातून 500 किलोमीटर. गाडी मात्र रतलाम, बडोदा, सुरत असा वळसा घेत 800 च्या वर जाते. मनमाड ते इंदूर हा 309 किलोमीटरांचा सरळ लोहमार्ग केंद्र सरकारने सप्टेंबर 2024 मध्ये मंजूर केला, खर्च 18,036 कोटी रुपये. होळकरांच्या काळापासून मराठी माणसाचे घर असलेल्या, 1917 साली मराठी साहित्य संमेलन भरवणाऱ्या नगरीला महाराष्ट्राशी सरळ जोडायला इतकी वर्षे लागली! अंतर निसर्ग ठरवतो, वेळ मात्र राज्यकर्ते ठरवतात, हे यातून शिकावे.

मग मागायचे काय? मोपाचा विमानतळ जानेवारी 2023 पासून चालू आहे. त्यासाठी पेडण्याच्या शेतकऱ्यांची जमीन गेली. त्या जमिनीवरून पाहुणा दीड तासात येतो, याचा राग नाही. पण मानकुराद आंबा आणि ताजी इस्वण त्याच दीड तासात इंदूरला का पोचू नये? आंबा दोन दिवसांत उतरतो, मासळी बर्फाबाहेर काही तासांत. त्यांना वेळ म्हणजेच दर. 2020 च्या अर्थसंकल्पात शेतमालासाठी 'कृषी उडान' योजना जाहीर झाली. आमच्या बागेपर्यंत आणि जेटीपर्यंत ती किती आली, हे तुम्हीच सांगा.

म्हणून ग्रामसभेत आणि मच्छीमार सोसायटीत तीन गोष्टी मागा: विमानतळावर लहान उत्पादकाला परवडणारी शीतखोली, पाच-दहा पेट्यांनाही मिळेल असे माल-भाडे, आणि काणकोणपासून पेडण्यापर्यंत वेळेवर सुटणारी मालगाडी. विमान कंपनी धावपट्टी ते धावपट्टी मोजते. आपण उंबरठा ते उंबरठा मोजू, आणि पुढाऱ्यांनाही तसेच मोजायला लावू.