जमीनदारांनो, आधी तुम्ही उठा!



१६५९ साली अफझलखान चालून आला. बखरी सांगतात, त्याने तुळजापूरही सोडले नाही. मावळच्या देशमुखांना आदिलशहाची फर्माने गेली. खंडोजी खोपडे खानाला मिळाला. कान्होजी जेधे वतनावर पाणी सोडून शिवरायांपाशी उभे राहिले.

आजची स्वारी बंदरावर उतरते, परदेशी तेलाची! ३० मे २०२५ रोजी केंद्राने कच्च्या खाद्यतेलावरचे मूळ आयात शुल्क २० टक्क्यांवरून १० वर आणून तिला वेस उघडून दिली. तेल पडले की सोयाबीन पडते. २०२५-२६ चा ५,३२८ रुपये हमीभाव कागदावरच राहिला.

दोन एकरवाला माल रोखू शकत नाही. सावकार दारात उभा असतो. वीस एकरवाल्यांनो, तुम्ही रोखा! हमीभावाखाली एक पोतेही विकू नका. जेधे व्हायचे की खोपडे, ते बैठकीत येऊन सांगा!