सगळं मान्य?

'सगळं मान्य' म्हणून एका टिचकीत मोकळी होणारी माणसं जामीनदार म्हणून फार उपयोगी, सहलेखक म्हणून घातक!

प्रकरण असं. आम्ही गोंदियात बसून लेटेकमध्ये शोधनिबंध लिहिणारे लोक. वर्डवाल्यांना दुरुस्त्या मान्य करायला बटण असतं. आमच्याकडे दुरुस्ती मजकुरातच टोचलेली. 'रिप्लेस्ड' असा शब्द, मग एका महिरपी कंसात नवं, पुढच्या कंसात जुनं. (सुनेचं नाव सासूच्या आधी, असा हा एकच संसार मी पाहिला.) छापणाऱ्यांना मात्र फाईल धुतल्या तांदळासारखी लागते.

यावर एक पक्ष म्हणतो, हाताने पुसा. शंभराव्या कंसापाशी डोळे मिटतात, एक महिरप जास्तीची पुसली जाते आणि लेटेक रुसून बसतं. दुसरा पक्ष 'शोधा आणि बदला'वाला. त्याला पहिला बंद कंस दिसला की काम संपलं असं वाटतं. मधे एखादा अपूर्णांक स्वतःचे कंस घेऊन बसला असेल तर तो बिचारा अर्धा कापला जातो.

खरा उपाय जुनाच आहे. १९७६ साली ईमॅक्स आला, त्याच्या नावातलं 'मॅक्स' हे मॅक्रोंवरूनच पडलं. एक दुरुस्ती आपण करून दाखवायची. दाबलेल्या कळा तो लक्षात ठेवतो, जोडीचा कंस कुठे मिटतो हेही त्याला कळतं. मग म्हणाल तितक्या वेळा तेच.

"काहून जी सर, मंग हजारदा चालवून मोकळे व्हा ना!" आमचा विद्यार्थी म्हणतो.

इथेच माझं भांडण आहे. मॅक्रो नोंदवताना मधे एक थांबा घालता येतो: कंट्रोल आणि एक्स, मग क्यू. मग तो दर दुरुस्तीपाशी अदबीने विचारतो, करू का? वाय दाबलं की करतो, एन दाबलं की ती जागा तशीच सोडून पुढे जातो. राबणं त्याचं, ठरवणं माझं.

एवढं अडायचं कशाला? आमच्या पुण्याच्या सहलेखकांनी 'पॅडी' खोडून जागोजाग 'राईस' केलं होतं. वाचायला बरं वाटतं म्हणे! आकडे मात्र तेच. अहो, इथल्या कुठल्याही राईस मिलवरच्या हमालाला विचारा. सरकारी भरडाईच्या हिशेबात १०० किलो धानाचा ६७ किलो तांदूळ धरतात. हेक्टरी ४० क्विंटल धानाला नुसतं तांदूळ म्हटलं की १३ क्विंटल तूस-कोंडा फुकटात तांदूळ होऊन बसतो. आणि अशाच आकड्यांवर उद्या कुणीतरी शेतकऱ्याचं उत्पन्न मांडणार!

सतरा ठिकाणी मी एन दाबला. सहलेखकांचा फोन आला, "एका शब्दासाठी किती अडून बसता?"

मी म्हटलं, "दिवाळीनंतर इकडे या. धानाचं एक पोतं घेऊन मिलवर जाऊ. जाताना मी उचलतो, येताना तुम्ही उचला. हलकं झालेलं असेल."