छायाचित्रांचे दप्तर

मराठ्यांच्या इतिहासाची साधने मिळवण्यासाठी इतिहासकार वि. का. राजवाडे यांनी गावोगाव पायपीट केली, घरोघरच्या माळ्यांवरचे रुमाल सोडवले, आणि ज्या मोडी कागदांची किंमत त्यांच्या मालकांनाही उमगली नव्हती त्यांतून १८९८ पासून पुढे २२ खंड सिद्ध केले, तेव्हा कुठे महाराष्ट्राला कळले की दप्तर ही समाजाची स्मृती असते आणि ती गहाळ झाली तर समाज आपल्याच भूतकाळाला पारखा होतो. कागदांच्या बाबतीत आलेली ही जाग छायाचित्रांच्या बाबतीत अद्याप आलेली नाही, हे मुंबईच्या वास्तूंविषयी या सदरातून लिहिताना मला दर आठवड्याला जाणवते. गिरगावात किंवा लालबागेत एखादी जुनी चाळ पुनर्विकासासाठी रिकामी होऊ लागली की भाडेपावत्या आणि करारनामे जिवापाड जपले जातात, परंतु त्याच चाळीच्या सज्जात, चौकात आणि जिन्यावर तीनचार पिढ्यांनी काढून घेतलेली छायाचित्रे रद्दीवाल्याच्या तागडीत जाऊन पडतात.

वस्तुतः या विद्येशी मुंबईचे नाते फार जुने आहे. छायाचित्रणाचा शोध १८३९ मध्ये पॅरिसला जाहीर झाला आणि १८५४ मध्ये मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. पुढच्याच वर्षी एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये या विषयाचा वर्ग उघडला, त्यातून हरिश्चंद्र चिंतामण यांच्यासारखे एतद्देशीय व्यावसायिक पुढे आले, आणि डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी यांनीही या कलेत लौकिक मिळवला. त्याच १८५५ साली मुंबई सरकारने तोफखान्यातील कॅप्टन टॉमस बिग्ज यांना विजापूरकडील प्राचीन वास्तूंची छायाचित्रे घेण्याच्या कामावर नेमले. वास्तू ढासळण्यापूर्वी तिची यथातथ्य नोंद करणे हे सरकारचे काम आहे, हे तत्त्व या इलाख्यात इतक्या पूर्वी मान्य झालेले होते.

ही विद्या येथे रुजली त्याच सुमारास मुंबईचे रूपही पालटू लागले, हा एक भाग्ययोग म्हटला पाहिजे. १८६० नंतरच्या दशकाच्या पूर्वार्धात, सर बार्टल फ्रिअर गव्हर्नर असताना, कोटाची तटबंदी पाडण्यात आली. चर्चगेटचा दरवाजा नाहीसा होऊन त्या ठिकाणी १८६४ मध्ये फ्लोरा फाउंटन उभे राहिले, आणि दरवाजाचे केवळ नाव रेल्वे स्थानकाला चिकटून राहिले. १८७८ मध्ये पूर्ण झालेल्या राजाबाई टॉवरच्या आणि हायकोर्टाच्या बाजूने पश्चिमेकडे पाहून घेतलेली जुनी चित्रे पाहावीत: समोर मैदान, मैदानापलीकडे रेल्वेचे रूळ, आणि रुळांच्या अगदी लगत भरतीचा समुद्र. या भव्य इमारतींनी पश्चिमेकडे तोंड का केले, याचा उलगडा ते पाणी दिसल्यावाचून होत नाही. पुढे भराव घालून त्या पाण्याच्या जागी जी आर्ट डेको घरे उठली, त्यांच्यासह हा सारा परिसर २०१८ मध्ये जागतिक वारसा ठरला. त्या वारशाचा अर्थ सांगणारा साक्षीदार मात्र ते पिवळट पडलेले छायाचित्रच आहे.

हा साक्षीदार बोलका करण्याची एक पद्धत आहे. चित्रात ताजमहाल हॉटेल दिसते आणि त्याच्या पुढ्यात गेटवे ऑफ इंडिया नाही, तर ते १९०३ आणि १९२४ यांच्या दरम्यानचे. रस्त्यात ट्रामचे रूळ आहेत पण वर विजेच्या तारा नाहीत, तर ते १८७४ नंतरचे परंतु १९०७ पूर्वीचे. काळ्या घोड्याचा पुतळा आपल्या मूळ जागी उभा आहे, तर ते १९६५ पूर्वीचे. अशा रीतीने मुद्द्याला मुद्दा जोडत गेले म्हणजे तारीख नसलेले चित्रही पुष्कळदा आपला काळ कबूल करते.

तथापि कोणत्याही साक्षीदाराप्रमाणे याचीही उलटतपासणी आवश्यक आहे. आरंभीच्या काळात ओल्या रसायनाची काचपट्टी वापरीत व तिच्यावर प्रकाश काही सेकंद पडू द्यावा लागे. त्यामुळे चालणारी माणसे पुसट होत वा दिसतच नसत, आणि गजबजलेले रस्ते चित्रात निर्मनुष्य भासतात. १८९६ च्या प्लेगानंतर सरकारी कारवाईची जी छायाचित्रे घेतली गेली, त्यांत गोरगरिबांची घरे दिसतात खरी, परंतु ती झडती घेणाऱ्याच्या नजरेने. त्या घरांतल्या बायकापोरांना आपले जिणे कसे दिसत होते, ते त्यांत उमटलेले नाही. म्हणूनच चाळकऱ्यांनी स्वतः काढून घेतलेल्या चित्रांना मी सरकारी चित्रांइतकेच प्रमाण मानतो. सत्यनारायणाच्या पूजेच्या एखाद्या छायाचित्रात मागच्या कठड्याची नक्षी, दारावरची पाटी, सामाईक नळ आणि पिंप सहज येऊन जातात, आणि इतिहासाला नेमके तेच हवे असते.

हे धन किती नाशवंत आहे, हेही ध्यानात घेतले पाहिजे. मुंबईच्या दमट हवेत छायाचित्रावरच्या जिलेटिनला बुरशी धरते, जुन्या फिल्मला सिरक्यासारखा आंबूस वास सुटून ती आखडते, आणि आग लागली तर काही तासांत शतकाचा ठेवा राख होतो. कलकत्त्याच्या बोर्न अँड शेफर्ड या विख्यात संस्थेचा बहुतांश संग्रह १९९१ च्या आगीत असाच नष्ट झाला. याहूनही व्यापक नाश अज्ञानाने होतो: चित्र टिकते, पण त्यातील माणसे ओळखणारी आजी जाते, आणि चित्र मुके होते. पाठीमागे मऊ शिसपेन्सिलीने नाव, गाव, साल लिहून ठेवण्यास एक मिनिट पुरते.

घरांनी एवढे करावे. परंतु महानगरपालिकेची जबाबदारी याहून मोठी आहे. जुनी इमारत पाडण्याचा परवाना देण्यापूर्वी तिच्या दर्शनी भागाची, जिन्यांची, सज्जांची, चौकाची आणि राहत्या खोल्यांची छायाचित्रे तारीख, ठिकाण व रहिवाशांची माहिती यांसह विभाग कार्यालयात दाखल करणे सक्तीचे असावे, त्यांची एक प्रत राज्याच्या पुराभिलेखागारात जावी, आणि ती पाहण्याचा हक्क प्रत्येक नागरिकास असावा. जी पालिका मालमत्ता करासाठी इमारतीची इंच न् इंच मोजणी दप्तरी ठेवते, तिला हे अशक्य नाही, आणि पुनर्विकासाच्या अंदाजपत्रकात हा खर्च नगण्य ठरेल. एवढेही करण्यास जी पालिका तयार नसेल, तिने वारशाच्या नावाने फलक उभारू नयेत आणि समारंभही करू नयेत. तो अधिकार तिला उरत नाही.