आवाज थांबला, बिघाड तसाच

इंटरनेटच्या राउटरला जोडलेला यूपीएस रात्री-अपरात्री वाजू लागला, की घरातले आधी आवाज बंद करण्याचे बटण शोधतात. कारण न शोधता तापाची गोळी घेण्यासारखेच हे.

वीज गेल्यावर यूपीएस वाजणारच. तेव्हा आवाज बंद केला तरी बिघडत नाही. वीज असतानाही तो वाजत राहिला, तर बहुधा आतली बॅटरी संपत आलेली असते. ही शिशाची बॅटरी साधारण तीन ते पाच वर्षे टिकते; उष्ण, बंदिस्त जागेत त्याहून कमी.

जुन्या तांब्याच्या तारेवरील फोनला वीज एक्स्चेंजमधून मिळे, म्हणून घरात अंधार असला तरी तो चाले. फायबरवरचा फोन घरच्या विजेवर चालतो. जिथे मोबाइलला रेंज नाही, तिथे एकट्या राहणाऱ्या वृद्धाचा १०८ला फोन लागणार की नाही, हे वीज गेल्यावर ती बॅटरीच ठरवते.

सतत वाजणाऱ्या इशाऱ्याला कान सरावतात. अतिदक्षता विभागातही हे घडते; अमेरिकेतील जॉइंट कमिशन या संस्थेने २०१३मध्ये रुग्णालयांना त्याबद्दल सावध केले होते.

आवाज जरूर बंद करावा. पण त्याच आठवड्यात बॅटरी बदलावी आणि यूपीएसचा प्लग काढून फोन लागतो का, ते पाहावे. जुनी बॅटरी कचऱ्यात न टाकता विक्रेत्याकडे परत द्यावी. तिच्यातले शिसे लहान मुलांच्या मेंदूला घातक असते.