पाऊसपाणी काय म्हणतंय?

नगर जिल्ह्यात गावाकडे फोन लावला की सलाम-दुआनंतरचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "पाऊसपाणी काय म्हणतंय?" विचारणाऱ्याला नुसते हवामान नको असते. पेरणी झाली का, विहिरीला पाणी आहे का, चाऱ्याचे काय, हे सारे त्या एका प्रश्नात येते.

जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर झाले, पावसाची तऱ्हा मात्र तीच आहे. पश्चिमेला अकोले तालुक्यात घाटघर-रतनवाडीकडे तो दिवसेंदिवस उघडत नाही, तर पाथर्डी, कर्जत, जामखेडकडे आभाळ भरून येते आणि तसेच निघून जाते. वाट पाहणाऱ्यांच्या बोलीत पावसाला शब्दही पुष्कळ! भुरभुर, रिपरिप, सर, झड, वळीव, अवकाळी. आणि थांबला की उघडीप. गप्पांत फ्रेंच माणूस पाऊस दोरखंडांसारखा पडतो असे म्हणतो आणि कडाक्याच्या थंडीला बदकाची थंडी म्हणतो. आपला पाऊस मुसळासारखा पडतो आणि थंडी 'वाजते'. घरगुती शब्द तिकडेही आहेत, इकडेही.

आपले हिजरी वर्ष चंद्रावर चालते. ते सौर वर्षाहून सुमारे ११ दिवसांनी लहान, म्हणून रमजान कधी उन्हाळ्यात येतो, कधी थंडीत. इबादतीला हा हिशेब, पण पेरणी त्यावर ठरत नाही. त्यामुळे शेती करणाऱ्या मुस्लिम घरांतही पाऊस शेजाऱ्यांसारखाच नक्षत्रांवर मोजला जातो. जूनच्या पहिल्या आठवड्याच्या शेवटी मृग निघतो. पुढे पुनर्वसूचा 'तरणा' पाऊस, पुष्याचा 'म्हातारा', मघाचा सासूचा आणि पूर्वाचा सुनेचा. पंचांग न उघडताही आजीला हे तोंडपाठ असते.

मुंबई-पुण्यात वाढलेल्या आपल्या मुलांना मात्र पाऊस म्हणजे लोकल बंद आणि शाळेला सुट्टी. "आमच्याकडे तीन दिवस धो धो चाललाय, कंटाळा आला बाई," असे गावाकडच्या मामूला सहज सांगून टाकले जाते. तिकडे दुबार पेरणीची वेळ आलेली असते. मामू रागावत नाहीत, "अल्लाहची रहमत आहे बेटा," म्हणतात आणि गप्प होतात. ती शांतता मुलांना ऐकू यायला हवी.

रहमतही वेळेवर हवी. कांदा काढून शेतात पडलेला असताना अवकाळी आला किंवा गारा पडल्या, तर वर्षाची कमाई सडते. पाऊस पडू लागला की आपण जी दुआ करतो, तिच्यातही नुसता पाऊस मागितलेला नाही, फायद्याचा पाऊस मागितला आहे.

म्हणून आम्ही इतकेच सुचवतो. या मोसमात फोन मुलांच्या हाती द्या. आपल्याकडचा पाऊस सांगण्याआधी त्यांनी तिकडचा विचारावा. "उघडीप मिळाली का? वाफसा झाला का?" एवढे दोन शब्द त्यांच्या तोंडून आले, तरी गावाकडच्या माणसाला आपले कुणीतरी विचारते आहे असे वाटेल.